अप्पांचा जकात नाका

परवा तुम्ही दोघांनी फोटो पाठवलेत. ते उघडण्याआधी मी तुमच्या आईला फोन लावला आणि विचारलं, "मुलांनीच पाठवलेत ना? आत फोटोच आहेत ना? उघडल्यावर केवढे होतील?" मागून तुमचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं. "आजी पोलिसात होती का?" असंही कोणीतरी म्हणालं. पोलिसात नव्हते, बाळांनो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात होते, परदेशी ग्राहकांचा इंग्रजी पत्रव्यवहार बघायला. माझ्या टेबलापलीकडे काचेची भिंत होती आणि काचेआड बसाप्पा हत्तरकी बसत. फाइल उघडण्याआधी विचारण्याची खोड त्यांची. तुम्हाला हसायचंच असेल, तर ते गृहस्थ कोण होते हे आधी माहीत असू द्या.

त्यांना सगळे अप्पा म्हणत. उंच, हाडापेरानं मोठे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, शर्टाच्या खिशात तपकिरीची डबी. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे ते प्रमुख होते आणि ते प्रमुख आहेत हे कोणाला विसरू देत नसत. फाउंड्रीचा मालक केबिनमध्ये आला तरी अप्पा आधी त्याच्या हातात काय आहे ते बघत, मग नमस्कार करत. बाजारात कलिंगड घेताना विक्रेत्याने कापून दाखवलेल्या फोडीवर त्यांचा विश्वास नसे. "ती फोड त्येनं सकाळीच ठरवून ठेवलेली असती, अक्का," असं मला सांगत.

आमच्या भट्टीत परदेशी पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सांगाडे ओतले जात. त्यांची ड्रॉइंग्ज ग्राहकांच्या मालकीची. विश्वासानं दिलेली. एक ड्रॉइंग बाहेर गेलं तर ग्राहक जाणार, आणि ग्राहक गेला की भट्टी थंड होणार, हे गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. ही ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर आली तेव्हा जागा फार कमी असे. म्हणून पुष्कळ फायली दाबून, लहान करून एकाच फाइलमध्ये बांधायच्या. त्या फाइलला सगळे झिप म्हणत, अप्पा बोचकं म्हणत. बोचक्याबद्दल त्यांचं मत एकच होतं: "बाहेरनं समदी बोचकी सारखीच दिसत्यात."

त्या काळी कोल्हापुरात शिरणाऱ्या प्रत्येक मालट्रकला जकात नाक्यावर थांबावं लागे. अप्पांनी ऑफिसातला सगळ्यात जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवला होता. त्याची कुठलीही वायर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती. त्याचं नाव नाका. ई-मेल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर येई. तिच्यासोबत बोचकं असलं की मी त्याला हात न लावता फ्लॉपीवर घेऊन नाक्यावर नेऊन द्यायचं. मग अप्पा त्याच्यासमोर बसत आणि दारात आलेल्या परक्या माणसाला विचारावं तसं विचारत. "पावणं, गाव कुठलं? संगं काय आणलंय? बसल्यावर जागा किती लागंल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठवणाऱ्याला फोन करून मिळवायचं. ई-मेलला उत्तर पाठवून नव्हे, कारण खोटं लिहिणारा उत्तरही खोटंच लिहील. बाकी दोन उत्तरं बोचकं न सोडता मिळत, कारण आतल्या फायलींची नावं आणि उघडल्यावरचा आकार बाहेरूनही वाचता येतो. नाव ड्रॉइंगचं आणि नावामागच्या टिंबापुढचं शेपूट प्रोग्रॅमचं असली फाइल दिसली की ती तिथेच पुसली जाई. आपलं आपण उघडणारं बोचकं आलं तर अप्पा खुर्ची मागे सरकवत. "जे बोचकं स्वतःच गाठ सोडतंय, त्येच्या हातात आनखी काय काय असंल?"

अप्पांच्या शेजारच्या टेबलावर दिनकर बसे. ड्राफ्ट्समन, गारगोटीकडचा, सडपातळ, कमी बोलणारा. अप्पांची थट्टा करायची परवानगी ऑफिसात फक्त त्याला होती, आणि ती त्यानं कधी मागितलेली नव्हती.

"अप्पा, तुमच्या लगनात आंतरपाट तरी लगेच काढू दिलासा का? का नवरीला बी आदी नाक्यावर?"

"काढू दिला, तितंच चुकलं," अप्पा म्हणत आणि दोघं एकाच डब्यातली भाकरी मोडत. अप्पांच्या घरची शेंगदाण्याची चटणी आणि दिनकरकडचा खर्डा, असा त्यांचा रोजचा व्यवहार होता.

कामातही त्यांची जोडी होती. जुनी ड्रॉइंग्ज साठवायची असली की दिनकर बोचकं बांधायचा आणि अप्पा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते सोडून, प्रत्येक ड्रॉइंग उघडून, मूळ प्रतीशी ताडून बघायचे. त्यानंतरच मूळ प्रत पुसायची. धाकट्या मालकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. एकदा या दोघांना न विचारता त्यांनी बरीच ड्रॉइंग्ज बांधली, फ्लॉप्यांवर तुकड्यातुकड्यांत उतरवली आणि मूळ प्रती पुसून टाकल्या. पुढे एक ड्रॉइंग लागलं, तेव्हा मधलीच एक फ्लॉपी वाचता येईना. फाउंड्रीतली काळी धूळ कुठेही शिरते. एक तुकडा गेला आणि बोचकं सुटेना.

"पण बांधलं होतं व्यवस्थित!" धाकटे मालक म्हणाले.

"बांधलं म्हंजे ठेवलं न्हवं," अप्पा म्हणाले. "सोडून बघितलं की मग ठेवलं."

ती ड्रॉइंग्ज ग्राहकाकडून परत मागवावी लागली. ते शरमेचं पत्र मीच लिहिलं. धाकटे मालक पुढे आठवडाभर अप्पांच्या काचेकडे न बघता जात.

ई-मेल रुळल्यावर चोरही रुळले. एकदा अनोळखी कंपनीकडून चौकशी आली, सोबत एक अगदी चिमुकलं बोचकं. धाकटे मालक उतावीळ. नवा ग्राहक म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दिवाळी. "अप्पा, उघडा की लवकर!" अप्पांनी नाक्यावर नुसती यादी काढली. आत पुष्कळ बोचकी होती, त्यांतल्या प्रत्येकात आणखी बोचकी, त्यांच्यातही बोचकीच.

"ह्ये पावणं दिसतंय किडकिडीत, पण मागं अख्खी वरात हाय," अप्पा म्हणाले.

"मी सांगतो ना, उघडा!"

अप्पांनी हात जोडले आणि नाक्यावरच उघडलं. ते उलगडत गेलं, उलगडत गेलं. नाक्याची सगळी जागा भरली, पडदा थिजला, कीबोर्ड बोलेना. अप्पा तपकीर ओढत शांत बसले होते. मग धाकट्या मालकांकडे वळून म्हणाले, "आता ह्यास्नी जेवायला कोण घालनार, तुम्ही का मी?" दिनकर हसू लपवायला खाली वाकून काहीतरी शोधू लागला. नाका पुन्हा उभा करायला त्यांचे दोन दिवस गेले, पण बाकी ऑफिस शाबूत होतं.

मग कुलूपबंद बोचक्यांचे दिवस आले. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या नावानं ई-मेल आली. बोचक्याला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये खाली लिहिलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ग्राहक काळजी घेतो आहे असंच वाटलं. अप्पांनी मला काचेआड बोलावलं.

"अक्का, पेटीला कुलूप हाय आन किल्ली पेटीलाच बांधलीया. मग कुलूप कुणासाठी?"

"चोरासाठी," मी म्हटलं.

"चोराला किल्ली मिळाली की! न्हाई. ह्ये कुलूप आपल्या राखणदारासाठी हाय. कुलूप असलं की व्हायरस शोधणाऱ्याला आत बघता येत न्हाई. त्यो म्हणतोय, बंद हाय, जाऊ दे. आन आपुन शाणी माणसं हातानं उघडून देतो."

मी ग्राहकाच्या ऑफिसला फोन लावला. त्यांनी काहीही पाठवलेलं नव्हतं. अप्पांनी ती गोष्ट पुढे महिनाभर प्रत्येकाला ऐकवली. त्यांना आपली हुशारी ऐकवायला फार आवडे.

ते स्वतः मात्र कुलपाची किल्ली कधीच बोचक्याबरोबर पाठवत नसत. सीमेपलीकडे शेट्टर नावाच्या गृहस्थांचं मशीन शॉप होतं. आमच्या सांगाड्यांचं पुढचं काम ते करत. तिथलं इंटरनेट भरवशाचं नव्हतं, म्हणून ड्रॉइंगची सीडी मालाच्या टेम्पोतून जाई आणि पासवर्ड अप्पा फोनवर सांगत. शेट्टरना कन्नड सोयीचं, आणि अप्पांना वाटे, कन्नडमध्ये सांगितलं म्हणजे दुहेरी कुलूप. लाइन खरखरे. अप्पा उभे राहून ओरडत, "उळ्ळागड्डी! उळ्ळागड्डी री!" मला कन्नड येत नाही, त्यातला कांदा तेवढा कळे. मला वाटे, शेट्टरांशी बाजारभाव बोलताहेत.

मग एक दिवस परदेशी ग्राहकाचा माणूस आला. मोठ्या मालकांनी मला टिपण घ्यायला केबिनमध्ये बसवलं होतं. तो म्हणाला की, तुमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या फाउंड्रीनं आम्हाला हाच सांगाडा देऊ केला आहे, आमच्याच ड्रॉइंगवरून. त्यानं कागद टेबलावर ठेवला. सांगाड्याच्या एका कोपऱ्याची गोलाई थोडी वाढवलेली होती. ती सुधारणा दिनकरनं केलेली होती. म्हणजे कागद आमच्याच ऑफिसातून गेला होता. कोणी दिला ते शोधा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा, असं सांगून तो गेला.

त्या दिवसापासून ऑफिसात सगळे एकमेकांकडे तिरके बघू लागले. मी माझं कपाट कुलूप लावून ठेवू लागले, आणि त्यात फक्त कार्बन पेपर होते. सगळ्यांत बदलले अप्पा. ओरडणारा माणूस आता फक्त फोनवर ओरडे. दिनकर जवळ आला की ते कॉम्प्युटरचा पडदा बंद करत. एके दुपारी त्यांनी डबा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन एकट्यानं खाल्ला. दिनकरनं खर्ड्याची वाटी काढून ठेवली होती.

"अप्पा, काय झालंय?"

"काय न्हाई. पोट बरं न्हाई."

दिनकर त्यांच्या हातातल्या भाकरीकडे बघत राहिला.

मोठ्या मालकांनी अप्पांना विचारलं तेव्हाही मी केबिनमध्ये होते. अप्पा हिशेब मांडावा तसं बोलले. "त्या ड्रॉइंगचं बोचकं दिनकरनं बांधलं. किल्ली ऑफिसात दोघांस्नीच ठावं, मला आन त्येला. मी दिली न्हाई. आन त्येचा मेव्हणा त्या फाउंड्रीत हाय." पुढे बोलायची गरजच राहिली नव्हती. दिनकरला कोणी चोर म्हटलं नाही. काही दिवस घरी राहा, म्हटलं. तो काय समजायचं ते समजला, ड्रॉइंगच्या पेन्सिली पिशवीत घातल्या आणि गारगोटीला निघून गेला. ग्राहकाला कळवण्यात आलं की संबंधित व्यक्ती आता आमच्याकडे नाही. ऑर्डर राहिली.

त्यानंतर अप्पाच बोचकी बांधत आणि अप्पाच सोडून बघत. मी एकदा म्हटलं, "नवा माणूस घ्या की मदतीला." ते म्हणाले, "कुणावर इस्वास ठेवायचा, अक्का?" तोवर ते डबाही आणेनासे झाले होते. कॅन्टीनमधला चहा आणि बिस्किटं, तीही पुडा स्वतः फोडून.

पावसाळा संपत आला होता. शेट्टरांकडे नवी सीडी जायची होती. टेम्पोचा ड्रायव्हर महादू आमच्या खिडकीला टेकून चहा पीत उभा होता. आत अप्पा फोनवर नेहमीसारखे ओरडत होते, "मेणसिनकायी! मेणसिनकायी री!" त्यांनी फोन ठेवला तसा महादू खिडकीतून म्हणाला, "अप्पा, गेल्या खेपंला कांदा, आज मिरची. पुढल्या खेपंला बेळ्ळुळ्ळी का? लसणाबिगर कालवण व्हायचं न्हाई की!"

सगळं ऑफिस खो खो हसलं. अकाउंट्समधले, स्टोअरमधले, दारातला वॉचमन. आमच्या भागात निम्मी माणसं कन्नड जाणणारी. कोणाची आई सीमेपलीकडची, कोणाची बायको. सीडीचं कुलूप कोणत्या भाजीचं हा त्यांचा नेहमीचा विनोद होता, आणि अप्पांच्या रागाला भिऊन तो त्यांच्यासमोर कोणी केला नव्हता, इतकंच.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "महादू, सीडी कुठं ठिवतोस?"

"म्होरं, काचंपाशी. का वो?"

"हितनं निघालास की टेम्पो कुठं कुठं थांबतोय?"

"त्यांचा बी माल असतोय की," महादूनं त्या दुसऱ्या फाउंड्रीकडे मान वळवली. "तितं भरायला थांबतो. मी जेवून घेतो तवर. काय झालं, अप्पा? मला तर त्यो कॉम्प्युटर चालू बी करता येत न्हाई."

ते खरं असेल. नसेलही. सीडी कोणी उचलली, कोणी उघडली, हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि महादूच्या त्या भाबड्या चेहऱ्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. पण पेटी आणि किल्ली एकाच खिडकीतून, एकाच माणसासमोरून जात होती, हे तर सगळ्यांना दिसलं. अप्पा उठले आणि तडक मोठ्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

"दिनकरनं न्हाई दिली. किल्ली माझ्या तोंडानं गेली. दर खेपंला गेली."

"अप्पा, झालं गेलं. ग्राहक शांत झालाय. आता कशाला उकरता?"

"त्येला परत बोलवा. न्हाईतर मला बी घरी राहा म्हणा."

मालकांनी हो म्हटलं, बहुधा अप्पा जाऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी अप्पा पहिल्या एसटीनं गारगोटीला गेले. परत आल्यावर माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास हातात घेतला, प्यायले नाहीत.

"येतोय का दिनकर?" मी विचारलं.

"न्हाई."

"काय म्हणाला?"

"चहा दिला. समदं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अप्पा, कुठल्या कुठल्या फायलींच्या धन्याला फोन लावून इचारत हुतासा, तुम्हीच पाठवलंय का म्हणून. मला तेवढं एकदा इचारलं न्हाईसा."

अप्पांनी ग्लास ठेवला आणि ते काचेआड गेले. पुढे पासवर्ड शेट्टरांच्या हाती कागदावर, कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, सीडी पोचल्यानंतर देऊ लागलं. ते कोणीतरी म्हणजे अप्पाच. फोनवर त्यांचा आवाज पुन्हा कधी चढला नाही, आणि आपल्या हुशारीच्या गोष्टी सांगणंही थांबलं.

मी निवृत्त झाले. अप्पाही झाले, असं कानावर आलं. नंतर एकदा मैत्रिणीच्या नातीच्या बारशाला गारगोटीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडकडे परतताना एका लहानशा दुकानावर नजर गेली. दोन कॉम्प्युटर, झेरॉक्सचं मशीन, भिंतीवर घरांचे नकाशे. आत दिनकर पडद्यात डोकं घालून बसला होता. केस पांढरे झाले होते. आणि बाहेर पायरीशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन अप्पा.

"अक्का, तुम्ही हितं?" ते उठले. विभूती तशीच होती; शरीर मात्र निम्मं राहिलं होतं.

"तुम्ही इथे कसे?"

"बाजाराला येतोय," ते म्हणाले. गडहिंग्लजचा माणूस भाजीला गारगोटीला येतो, यावर मी काय बोलणार? पिशवी रिकामी होती.

दिनकर बाहेर आला. माझ्याशी चांगलं बोलला, तुमच्या आईची चौकशी केली, मला आतून खुर्ची आणून दिली. अप्पांच्या हातात चहाचा कप दिला, पण त्यांच्याशी बोलला नाही. अप्पा चहा पिऊन कप पायरीवर ठेवायला वाकले, तेव्हा मी हळूच विचारलं, "दिनकर, हे नेहमी येतात?"

"येत्यात. बसत्यात. जात्यात."

"आणि बोलणं?"

"त्ये इचारत्यात, कसा हाईस म्हणून. मी सांगतो, बरा हाय." त्यानं खांदे उडवले. "तेवढंच."

संध्याकाळ व्हायला लागली तसा त्यानं आतले दिवे घालवले आणि शटर खाली ओढलं. अप्पा खुर्ची घडी करायच्या खटपटीत होते. ती घडी होणारी नव्हती. दिनकरनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीला लावून ठेवली.

"येऊ का पुढल्या बाजाराला?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला आधी दुसरंच कोणी बोललं असं वाटलं.

"पुढल्या बाजाराला मी न्हाई हितं," दिनकर म्हणाला. आमच्याकडे पाठ होती, शटरच्या कडीशी हात चालू होते. मग तसाच, मागे न बघता म्हणाला, "त्येच्या पुढल्या बाजाराला या."

स्टँडवर गडहिंग्लजची एसटी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. मी अप्पांना म्हटलं, चला, गाडी सुटेल. ते बोटांवर बाजाराचे दिवस मोजत तिथेच उभे होते.